धातूतली वीज इलेक्ट्रॉनशिवाय वाहत नाही

मा. संपादक,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत आपण ‘इलेक्ट्रॉनशिवाय वाहणारी वीज!’ हा लेख छापलात. ते उद्गारचिन्ह बघून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. हा विषय पेपरात सहसा येत नाही, म्हणून आधी आनंदच झाला. मग वाचत गेले तसतशी चुळबुळ वाढत गेली. मी शास्त्रज्ञ नाही. अतिशीत तापमानावर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत एकतीस वर्षं तंत्रज्ञ होते, आता निवृत्त आहे. लेखात ज्या यटर्बियम, ऱ्होडियम आणि सिलिकॉनच्या धातूचं वर्णन आहे, त्याचे स्फटिक मी चिमट्यात धरलेले आहेत. एक-दोन फरशीवर हरवलेही आहेत. तेवढ्या अधिकारावर हे पत्र. कापायचं झालं तर कापा, पण मथळ्याबद्दलचं आणि शेवटची दुरुस्ती तेवढी ठेवा.

आधी मथळा. मूळ प्रयोग २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात आला. व्हिएन्नाच्या तंत्र विद्यापीठात या धातूचा पातळ थर वाढवला, अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात त्यातून नॅनोमीटरच्या मापाची तार कोरली आणि तिच्यातून जाणाऱ्या प्रवाहाचा ‘शॉट नॉइज’ मोजला. पत्र्यावर पाऊस वाजतो, कारण तो थेंबाथेंबाने पडतो. तेच पाणी सलग धारेने सोडलं तर तडतड होत नाही. विजेचा भारही सुट्या सुट्या पुड्यांमधून येतो, म्हणून प्रवाहात एक बारीक खरखर असते. वॉल्टर शॉट्की यांनी हे १९१८ मध्येच मांडलं होतं. साध्या धातूच्या तारेत ही खरखर किती असावी याचा हिशोब पक्का आहे आणि सोन्याच्या तारेत ती तेवढीच भरते. या तारेत ती हिशोबापेक्षा बरीच कमी भरली.

मोजलं ते एवढं. इलेक्ट्रॉन कुठेही गेलेले नाहीत. ते नसते तर तो तुकडा धातूच राहिला नसता. भार एकेका ओळखू येणाऱ्या कणाच्या पाठीवरून जातो, ही आपली सवयीची समजूत मात्र तिथे जमत नाही, असा त्या मोजणीचा रोख आहे. खरखर कमी होण्याचं एक अगदी साधं कारणही असू शकतं: अणूंच्या जाळीची थरथर इलेक्ट्रॉनांची उष्णता पिऊन टाकते आणि आवाज दबतो. हा संशय संशोधकांनी लांब तारांवर वेगळी मोजणी करून तपासला, आणि तेवढ्याने हिशोब भागत नाही हे पाहूनच पुढे गेले. लेखात याबद्दल अवाक्षर नाही. माझ्या मते प्रयोगाचा जीव तिथे आहे.

पण मथळा मी एक वेळ सोडून देईन. लेखाची मोठी उणीव अशी की साधा धातू काय करतो हेच त्यात सांगितलेलं नाही. सरळ काय ते माहीत नसेल तर वाकडं काय ते वाचकाला कळणार कसं?

तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन खच्चून भरलेले असतात आणि सगळे एकमेकांना ढकलत असतात. एवढ्या ढकलाढकलीत कुठलाही साधा नियम टिकायला नको. तरी टिकतो. लेव्ह लांडाऊ यांनी १९५६ च्या सुमारास त्याचं कारण दिलं. प्रत्येक इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांच्या परिणामाचा एक झगा अंगावर घेऊन हिंडतो, आणि झग्यासकट त्याला एक कण मानलं की हिशोब पुन्हा सोपा होतो. या झगेवाल्या कणाला क्वासीपार्टिकल म्हणतात आणि असल्या धातूला फर्मी द्रव. त्याची खूण आलेखावर दिसते. इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन टकरींमुळे येणारा रोध तापमानाच्या वर्गाने बदलतो. तापमान निम्मं केलं की त्या टकरी चौथ्या हिश्शावर येतात. असं का? खालच्या ऊर्जेच्या सगळ्या जागा भरलेल्या असतात, त्यामुळे टक्कर द्यायला मोकळे असतात ते फक्त वरच्या काठावरचे इलेक्ट्रॉन, आणि हा काठ तापमानाइतकाच रुंद असतो. टक्कर घ्यायला जोडीदार लागतो तोही काठावरचा, आणि टकरीनंतर दोघांना जागा लागते तीही काठावरच. एक इलेक्ट्रॉन धरून चाललो तर या दोन अटींतून तापमान दोनदा गुणलं जातं. माझ्या एका साहेबांनी हे मला पंप सुरू होईपर्यंतच्या पाच मिनिटांत वहीच्या मागच्या पानावर समजावलं होतं. ते पान मी अजून ठेवलंय.

हा झगा किती जड असू शकतो, तर १९७५ मध्ये सीरियम आणि ॲल्युमिनियमच्या एका संयुगात इलेक्ट्रॉनांच्या वाट्याची विशिष्ट उष्णता, म्हणजे तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता, तांब्याच्या दोन हजारपटींहून जास्त भरली. म्हणजे हिशोबात इलेक्ट्रॉन तेवढे जड वाटतात. त्यांना कुणी वजनकाट्यावर घातलेलं नाही, हेही सांगून टाकते, कारण आपल्या लेखात ‘वजनदार इलेक्ट्रॉन’ असा शब्द आलाय. गंमत म्हणजे एवढा जड होऊनही तो धातू लांडाऊंचा वर्गाचा नियम पाळतो. झगा जड झाला, तरी आतला माणूस तोच.

आता वाकडं. सीरियम आणि यटर्बियमच्या अणूंत आतल्या कक्षेतले इलेक्ट्रॉन छोट्या चुंबकासारखे वागतात. त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. शेजाऱ्यांशी संधान बांधून एक वर, एक खाली अशी रांग लावायची, हा प्रतिलोहचुंबक. नाहीतर आजूबाजूने वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या मिठीत स्वतःचं चुंबकत्व झाकून टाकायचं. याला जून कोंदो यांचं नाव आहे, त्यांच्या १९६४ च्या कामावरून. या दोहोंची रस्सीखेच सेबास्टियन डोनियाक यांनी १९७७ मध्ये एका आकृतीत मांडली. दाब वाढवला, चुंबकीय क्षेत्र लावलं किंवा एका मूलद्रव्याच्या जागी थोडं दुसरं घातलं, की पारडं झुकतं. रांग ज्या तापमानाला लागते ते तापमान खाली खाली सरकतं आणि एका ठरावीक दाबाला किंवा क्षेत्राला थेट निरपेक्ष शून्यावर, म्हणजे ज्याच्या खाली तापमानच नाही त्या टोकावर, टेकतं. तो पुंज क्रांतिक बिंदू. आम्ही ‘क्यूसीपी’ म्हणायचो.

लेखासोबतच्या चित्रात स्फटिकाच्या मध्यभागी एक चमकता ठिपका दाखवलाय आणि खाली लिहिलंय, ‘धातूतील क्रांतिक बिंदू’. तो तिथे नसतो. तंबोऱ्याच्या तारेत ‘सा’ कुठे आहे असं विचारण्यासारखं आहे ते. तो खुंटी किती पिळली यात असतो. आमची खुंटी म्हणजे चुंबकाला दिलेला प्रवाह, नाहीतर दाबाच्या कुपीचा स्क्रू.

आणि शून्यावर कुणी पोचत नाही, आम्हीही कधी पोचलो नाही. मग त्या बिंदूचं अस्तित्व कळतं कशावरून? पाणी उकळतं तेव्हा उलथापालथ करते ती उष्णता. निरपेक्ष शून्याला उष्णता उरत नाही, तरी अनिश्चिततेच्या तत्त्वामुळे चुंबकांची रांग लागू की मोडू अशी घालमेल चालूच राहते. त्या एका बिंदूपाशी ही घालमेल सगळ्या मापांवर पसरते, आणि तिची सावली वरच्या तापमानांवर पंख्यासारखी उघडते. आपण मोजतो ती सावली. म्हणून तर शून्यावरची गोष्ट दहा केल्विनला, म्हणजे त्या शून्याच्या दहा अंश वर, जाणवू शकते.

यटर्बियम, दोन ऱ्होडियम, दोन सिलिकॉन. या संयुगाला सगळे ‘वायआरएस’ म्हणतात. त्यातली चुंबकांची रांग ७० मिलीकेल्विनला (मिली म्हणजे हजारावा भाग) लागते आणि ती मोडायला योग्य दिशेने ०.०६ टेस्लाचं क्षेत्र पुरतं. निओडिमियमच्या छोट्या चुंबकापाशीसुद्धा याहून मोठं क्षेत्र असतं. हेच क्षेत्र स्फटिकाच्या उभ्या अक्षाने लावायचं म्हटलं तर सुमारे ०.६६ टेस्ला लागतं, अकरा पट. म्हणून स्फटिक कुठल्या अंगाने चिकटवला याचं वहीत चित्र काढावं लागतं. एकदा मी काढलं नाही. एक आठवडा पाण्यात गेला.

त्या ०.०६ टेस्लाला रोधाचा आलेख काढला की तो वर्गाचा नसतो, सरळ रेषेचा असतो. दहा केल्विनपासून थेट मिलीकेल्विनपर्यंत, पट्टी लावून काढल्यासारखा. वाचकांना वाटेल, रेषा सरळ आली, यात काय एवढं? वर्गाचा आलेख शून्याजवळ आडवा होत जातो, कारण टकरी झपाट्याने विरळ होतात. सरळ रेषा आडवी होत नाही. टकरी विरळ व्हायला हव्यात त्या वेगाने होतच नाहीत, म्हणजे तो झगेवाला कण नीट उभा राहायच्या आतच मोडतो. आणि क्षेत्र थोडं वाढवलं की खालच्या टोकाला वर्गाचा नियम परत येतो! बिंदूपासून जितके दूर जाल तितका वरच्या तापमानापर्यंत. उलट बिंदूकडे यायला लागलं की त्या वर्गाचा गुणांक वाढत जातो आणि नियमाचं राज्य आकसत जातं. त्या बिंदूवर राज्य संपतं. मला विचाराल तर या धातूचं खरं नवल या येण्या-जाण्यात आहे. एकाच तुकड्यात, एकाच दिवशी, खुंटी पिळून तुम्ही साधा धातू आणि विचित्र धातू आलटून पालटून बघू शकता.

आता ही रेषा काढायची कशी ते सांगते, कारण लेखात ‘शास्त्रज्ञांनी मोजले’ या दोन शब्दांत ते संपवलंय. स्फटिक वितळलेल्या इंडियममध्ये वाढवतात, मग अंगाला चिकटलेलं इंडियम हायड्रोक्लोरिक आम्लाने काढतात. हातात येतो तो नखाच्या कडेएवढा चकचकीत पापुद्रा. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्यावर सोन्याच्या चार तारा बसवायच्या, प्रत्येक पंचवीस मायक्रॉनची, म्हणजे केसाहून बारीक. जोडाचे डाग चांदीच्या पेस्टचे. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह द्यायचा, आतल्या दोन तारांवर व्होल्टेज मोजायचं, म्हणजे जोडाचा रोध मोजणीत शिरत नाही. मोजणीत शिरत नाही, पण तो जोड तापतो, आणि इथे मी फसले.

एका नमुन्यात ती रेषा चाळीस मिलीकेल्विनच्या खाली आडवी झाली. सरळ येत येत एकदम सपाट. खोलीत उत्साह पसरला. शून्याजवळ काहीतरी नवीन घडतंय म्हणून फळ्यावर समीकरणं सुरू झाली. मला मात्र बाहेरच्या डाव्या तारेचा डाग आठवत होता. तो मी घाईत दिलेला होता, पेस्ट नीट वाळू दिली नव्हती, आणि त्याचा रोध बाकीच्या तिघांच्या कितीतरी पट होता. रात्री सगळे गेल्यावर प्रवाह शंभर मायक्रोअँपिअरवरून पन्नासवर आणला. प्रवाह निम्मा केला की डागात तयार होणारी उष्णता चौथ्या हिश्शावर येते. सपाट भाग तीस मिलीकेल्विनच्या खाली सरकला. आणखी निम्मा केला, आणखी खाली. थर्मामीटर थंड होता, स्फटिक त्याच्यापेक्षा गरम होता. नवीन भौतिकी वगैरे काही नव्हतं, माझा डाग होता. सकाळी सांगितलं तेव्हा कुणी रागावलं नाही, पण फळा पुसताना आवाज जरा जास्त झाला. मग नमुना वर काढून, नवा डाग देऊन पुन्हा थंड करण्यात तीन दिवस गेले. रेषा सरळ आली.

सैद्धांतिक बाजूबद्दल मी जपून लिहिते. १९७६ मध्ये जॉन हर्ट्झ यांनी आणि १९९३ मध्ये अँड्र्यू मिलिस यांनी जे गणित मांडलं, त्यात फक्त चुंबकत्वाची घालमेल धरलेली आहे. त्यानुसार त्रिमितीय प्रतिलोहचुंबकाच्या बिंदूपाशी रोध तापमानाच्या दीडाव्या घाताने बदलायला हवा. सीरियम-पॅलेडियम-सिलिकॉनमध्ये घात सुमारे १.२ निघाला. सीरियम-तांबे-सोन्याच्या संयुगात आणि वायआरएसमध्ये तो एक. मँगनीज सिलिसाइडमध्ये तर दीड घात दाबाच्या एका बिंदूपाशी न राहता दाब वाढवला तरी दूरवर तसाच राहतो, जे हर्ट्झ यांच्या गणितात बसत नाही. म्हणून २००१ मध्ये चिमियाओ सी, पिअर्स कोलमन आणि इतरांनी वेगळं मत मांडलं: त्या बिंदूपाशी कोंदोची मिठीसुद्धा सुटते आणि वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांची गणनाच बदलते. २००४ मध्ये वायआरएसच्या हॉल परिणामात (चुंबकीय क्षेत्रात प्रवाहाला आडवं उठणारं व्होल्टेज, त्यावरून वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येचा अंदाज येतो) तापमान उतरवलं तसा अधिकाधिक तीव्र होणारा बदल दिसला, तो या मताच्या बाजूने धरतात. सगळ्यांना ते पटलेलं नाही. आपल्या लेखकाने एकाच बाजूला निकाल देऊन टाकलाय. तो मात्र अजून लागायचाय.

लेखाच्या शेवटी, ‘यामुळे खोलीच्या तापमानाला अतिसंवाहकता आता दूर नाही’ असं वाक्य आहे. अतिसंवाहकता म्हणजे रोध पूर्ण नाहीसा होणं. संबंध आहे, तो नाकारत नाही. केंब्रिजच्या गिलबर्ट लाँझारिक यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं की सीरियम-पॅलेडियम-सिलिकॉनवर सुमारे २८ किलोबार दाब दिला, चुंबकाची रांग मोडायला आली, की नेमकी तिथेच अतिसंवाहकता उगवते. कितव्या तापमानाला? ०.४ केल्विनला. याच घराण्यातलं म्हणावं असं प्लुटोनियम, कोबाल्ट आणि गॅलियमचं संयुग २००२ मध्ये १८.५ केल्विनपर्यंत पोचलं, आणि प्लुटोनियमच्या तारा कुणी घरात ओढणार नाही. वायआरएसमध्येही २०१६ मध्ये अतिसंवाहकतेच्या खुणा मिळाल्या, त्या दोन मिलीकेल्विनला. तांब्याच्या ऑक्साइडांत सरळ रेषा दिसते, कुठे कुठे हजार केल्विनपर्यंत, आणि त्यांची अतिसंवाहकताही शंभर केल्विनच्या पलीकडे जाते. पण त्या रेषेमागे चुंबकीय क्रांतिक बिंदूच आहे का यावर अजून वाद चालू आहे. दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरू नयेत.

अतिसंवाहकतेच्या बातम्यांकडे मी जरा तिरक्या नजरेने बघते, त्याला कारण आहे. आमच्याकडे एका तरुण संशोधकाच्या नमुन्यात ३.४ केल्विनला रोध एकदम थोडा घसरला. फार नाही, पण घसरला. पोराचे कान लाल झाले. त्याने मला विचारलं, आम्लात किती वेळ ठेवला होता? मी म्हटलं, तूच ठेवला होतास. ३.४ केल्विन हे इंडियमचं स्वतःचं अतिसंवाहक होण्याचं तापमान आहे. स्फटिकाच्या एका भेगेत त्याचा कण राहून गेला होता. पुन्हा आम्लात घातला, घसरण गेली. पुढे तो चांगला संशोधक झाला, आणि अजूनही आलेखावर ३.४ च्या आसपास काही हललं की आधी आम्लाची बाटली शोधतो म्हणे.

आता दुरुस्ती. लेखात या धातूचं चुंबकीय तापमान ‘७० केल्विन’ छापलंय. ते ७० मिलीकेल्विन आहे, म्हणजे हजार पटींनी कमी. ७० केल्विनला द्रवरूप नायट्रोजन आणि त्यावर एक पंप पुरतो, काम दुपारपर्यंत होतं. ७० मिलीकेल्विनला हेलियमची दोन समस्थानिकं, हेलियम-३ आणि हेलियम-४, एकमेकांत मिसळवून थंडी काढणारं यंत्र लागतं, आणि ते खाली जाईपर्यंत दोन दिवस कुणीतरी पंपांचा आवाज ऐकत शेजारी बसावं लागतं. आमच्याकडे बहुतेक वेळा मी बसायचे. निदान तो ‘मिली’ तेवढा पुढच्या रविवारी छापावा.

आपली,
एक जुनी वाचक आणि निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ